घाणेरीची पाने आणि एक कडक झालेली नळी

विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल सादर करावा लागतो. आमच्या छापील नमुन्यात त्याचे चार रकाने होते: या सहामाहीत झालेले काम, प्रकाशने, परिषदांतील सहभाग आणि पुढील सहामाहीचे नियोजन. जुलै २०१७ मध्ये नोंदणी झाल्यापासून प्रबंध सादर होईपर्यंत मी असे नऊ अहवाल भरले. त्यांपैकी आठ कसे भरले ते आता आठवतही नाही. जानेवारी २०२० मधला पाचवा मात्र दोनदा लिहून फाडला, कारण चौथ्या अहवालात जे संयुग सापडल्याचे मी कळवले होते ते पानांत नव्हतेच, आणि हे सांगण्यासाठी त्या नमुन्यात जागा नव्हती.

मी एका तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवत होते. नेट दोनदा थोडक्यात हुकली होती, त्यामुळे शिष्यवृत्तीचा प्रश्न नव्हता आणि विद्यापीठाची पीएच.डी. प्रवेश परीक्षा, म्हणजे पेट, देण्यावाचून गत्यंतर नव्हते. पेटमध्ये निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. विषयाचे मला अवघड गेले नाहीत, संशोधन पद्धतीचे मात्र ज्याने कधी संशोधन केले नाही त्याने पाठ करून सोडवावेत अशा थाटाचे होते, आणि मी ते तसेच सोडवले. उत्तीर्ण झाल्यावर खरी पायपीट सुरू होते, ती मार्गदर्शक मिळवण्याची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. जागा रिकामी आहे असे यादीत दिसावे आणि प्रत्यक्ष गेल्यावर ती कुणासाठी तरी राखलेली असावी, असे पाच ठिकाणी झाले. सहाव्या ठिकाणी जे सर भेटले, त्यांनी माझे गुणपत्रक बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारला, की शनिवार-रविवारी प्रयोगशाळेत येणे जमेल का. सर मला चारचौघांत 'मॅडम' म्हणत, कारण मीही शिकवत होते. कामात चूक दिसली की 'तुम्ही' म्हणत. आणि क्वचित मन मोकळे असले की 'तू'.

विषय मी ठरवून गेले होते, तो म्हणजे नरक्या. सह्याद्रीत वाढणारा हा लहानसा वृक्ष, आणि त्याच्या फुलांचा दर्प नावाला साजेसाच; पण त्याच्यात कॅम्पटोथेसिन असते. हे द्रव्य मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून वेगळे केले आणि त्यापासून पुढे टोपोटेकान व इरिनोटेकान ही कर्करोगावरची औषधे तयार झाली. वाणी नंदुरबारला जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकलेले, हे कळल्यापासून हा विषय मला जणू घरचाच वाटू लागला होता. सरांनी ऐकून घेतले आणि नकार दिला. नरक्याची इतकी तोड झाली आहे, की आपण संशोधनाच्या नावाने आणखी एक झाड खरवडण्यात अर्थ नाही. शिवाय वनविभागाची परवानगी येईपर्यंत तुमची दोन वर्षे जातील, असे ते म्हणाले. मग खिडकीबाहेर कुंपणावर माजलेल्या झुडपाकडे बोट दाखवून म्हणाले, "हिच्यावर करा. हवी तेवढी तोडा, शेतकरी दुवाच देतील."

ती घाणेरी होती, आमच्याकडे टणटणी म्हणतात ती. मूळची अमेरिका खंडातली, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचे झुडूप म्हणून भारतात आणलेली आणि आता माळ, बांध, जंगल काहीही न सोडणारी. तिची पाने खाल्ली की गुरांचे यकृत बिघडते. त्याला कारणीभूत असलेले लँटाडीन हे ट्रायटर्पिनॉइड वर्गातले संयुग फार पूर्वीपासून माहीत आहे. म्हणजे या झुडपावर शेकडो निबंध आधीच लिहिले गेलेले. ऋतू आणि उंची यांप्रमाणे पानांतील लँटाडीनांचे प्रमाण कसे बदलते हे पाहायचे आणि जोडीला अल्प प्रमाणातली अन्य संयुगे वेगळी करायची, असा विषय शेवटी ठरला. नरक्यावरून घाणेरीवर आल्याचे दुःख मला वर्षभर होते.

संशोधन व मान्यता समितीसमोर विषय मांडण्याआधीच माझा अर्ज एकदा परत आला. मार्च २०१७ पासून नवा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम लागू झाला होता, त्यात विज्ञान विद्याशाखेची विज्ञान व तंत्रज्ञान विद्याशाखा झाली होती आणि मी जुना छापील अर्ज भरला होता. नाव दुरुस्त करून सात प्रतींवर पुन्हा सह्या घेण्यात तीन आठवडे गेले. प्रत्यक्ष समितीने मला आठ मिनिटे दिली. त्यानंतरच्या पीएच.डी.पूर्व अभ्यासक्रमाविषयी, म्हणजे कोर्सवर्कविषयी, लिहिण्यासारखे फारसे नाही; उन्हाळ्याच्या सुट्टीत ते उरकले.

आठवड्याचे पाच दिवस मी महाविद्यालयात शिकवत असे आणि शनिवारी पहाटेची एसटी पकडून विद्यापीठात जाई. घाणेरीची पाने सावलीत वाळवून, दळून, मेथॅनॉलमध्ये भिजत घालायची. अर्क रोटावर, म्हणजे कमी दाबाखाली द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर, आटवायचा. जो काळसर-हिरवा, काकवीसारखा चिकट गोळा उरतो तो सिलिका जेलवर बसवून कॉलम लावायचा. कॉलम म्हणजे अर्कातली द्रव्ये वेगळी करणारी, दिसायला साधी काचेची उभी नळी, खाली तोटी. पण ती लागली की माणूस तिला बांधला जातो. आधी नुसते हेक्झेन, मग त्यात हळूहळू वाढवत नेलेले इथिल ॲसिटेट, आणि खाली पन्नास-पन्नास मिलिलिटरचे फ्रॅक्शन धरत राहायचे. भरलेल्या प्रत्येक टेस्ट ट्यूबमधला एक थेंब टीएलसीच्या, म्हणजे द्रव्ये ठिपक्यांच्या रूपात वेगळी करणाऱ्या, पट्टीवर ठेवायचा, पट्टी चालवायची, ॲनिसाल्डिहाइड आणि गंधकाम्ल यांचा फवारा मारून गरम करायची. ट्रायटर्पिनॉइड असेल तर ठिपका जांभळा होतो. पहिला जांभळा ठिपका उमटला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि मजल्यावर मी आणि प्रयोगशाळेचे परिचर मामा असे दोघेच होतो. मामांनी पट्टी हातात घेऊन पाहिली आणि म्हणाले, "रंग धरला म्हणायचा."

कॉलमला हेक्झेन फार लागते. विभागात ते पंचवीस लिटरच्या कॅनमधून येई. औद्योगिक प्रतीचे असल्याने वापरण्याआधी ऊर्ध्वपातन करून घ्यायचे असा प्रयोगशाळेचा नियम होता. पहिले दीड वर्ष मी तो पाळला. पण ऊर्ध्वपातनात शनिवारची अख्खी सकाळ जाई, आणि माझ्याकडे आठवड्याला दोनच दिवस होते. रोटावर आटवून परत मिळालेले हेक्झेन एवीतेवी शुद्धच असते, तेव्हा कॅनमधले थोडे त्यात मिसळले तर काय बिघडणार, असे म्हणत मी २०१९ च्या सुरुवातीपासून ती पायरी गाळू लागले. हे मी कुणाला सांगितले नाही, कारण सांगण्यासारखे काही आहे असे मला वाटलेच नाही.

त्या वर्षीच्या मे महिन्यात, लँटाडीनांच्या बरेच आधी उतरणाऱ्या फ्रॅक्शनमध्ये मला एक नवा ठिपका दिसला. अतिनील दिव्याखाली तो गडद दिसे, पण फवाऱ्याने जांभळा होत नसे. अनेक फ्रॅक्शन एकत्र करून आटवल्यावर गोल बुडाच्या फ्लास्कच्या तळाशी नितळ, बिनरंगी तेल उरले, चाळीस मिलिग्रॅमच्या आसपास. जांभळा न होणारा ठिपका म्हणजे हे ट्रायटर्पिनॉइड नाही, हे पट्टी सांगतच होती. मी मात्र तिचे म्हणणे असे लावले, की हे काहीतरी वेगळेच, नवे आहे. दहा मिलिग्रॅम नमुना ड्यूटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून दुसऱ्या शहरातल्या उपकरण केंद्राकडे एनएमआरसाठी, म्हणजे रेणूत हायड्रोजन कुठेकुठे आहेत हे दाखवणाऱ्या तपासणीसाठी, पाठवला. सात आठवड्यांनी स्पेक्ट्रम आला. ७.७ आणि ७.५ पीपीएमला सुबक जोडीने उभे असलेले ॲरोमॅटिक हायड्रोजन, ४.२ जवळ एस्टरच्या ऑक्सिजनला लागून असलेला गट, आणि ०.९ ते १.४ मध्ये गर्दी. त्या गर्दीत मला ट्रायटर्पिनॉइडचे मिथिल गट दिसले आणि डावीकडच्या जोडीत ॲरोमॅटिक आम्ल. दोन्ही जोडून मी एक देखणी रचना कागदावर काढली. हायड्रोजनांची मोजदाद त्या रचनेशी जुळत नव्हती. ते नमुन्यातल्या अशुद्धीमुळे असेल असे मी स्वतःला समजावले. जुलैच्या चौथ्या अहवालात 'घाणेरीच्या पानांतून एक संभाव्य नवे एस्टर विलग केले' असे वाक्य गेले आणि डिसेंबरमधल्या एका परिषदेला गोषवाराही गेला.

सर त्या काळात परीक्षेच्या कामात बुडालेले होते. त्यांनी अहवालावर सही केली, पण पेन्सिलीने समासात लिहिले: 'मास?' वस्तुमान वर्णपट आला तो सप्टेंबरमध्ये, गणपती उठल्यानंतरच्या शनिवारी. मी तो छापून सरांसमोर ठेवला. ३९१ ला एक रेघ, ४१३ ला एक, आणि खाली १४९ ला एक ठसठशीत रेघ. सरांनी माझी रचना पाहिलीच नाही. १४९ वर बोट ठेवून ते म्हणाले, "हा पाहुणा ओळखीचा आहे." मग थोडे थांबून, "ब्लँक केलंस?" म्हणजे, पाने न घालता नुसते द्रावक आटवून पाहिले होते का.

ते रागावून 'तुम्ही' म्हणतील अशी माझी तयारी होती. त्या 'केलंस'ने मला जास्त लागले.

वनस्पतींतील द्रव्ये वेगळी करणाऱ्या कोणत्याही माणसाला १४९ हा आकडा पाठ असतो, आणि दोन वर्षे हे काम करूनही तो मला पाठ नव्हता. थॅलेट एस्टरांचा रेणू फुटला की हाच तुकडा हाती येतो. थॅलेटे म्हणजे प्लास्टिक मऊ राहावे म्हणून त्यात घालतात ती तेलासारखी द्रव्ये. पीव्हीसीमध्ये सर्रास असणाऱ्या डायइथिलहेक्झिल थॅलेटाचे रेणुवस्तुमान ३९०, त्यात एक हायड्रोजन मिळाला की ३९१ आणि सोडियम मिळाला की ४१३. माझ्या नव्या एस्टराची ओळख अशी एका मिनिटात पटली. वनस्पतीतून मिळाले म्हणून हेच द्रव्य छापून आल्याचे निबंध आहेत, असे सांगून सरांनी मला दोन दाखवले. मला त्याने बरे वाटायला हवे होते, पण वाटले नाही.

पुढचे तीन शनिवार-रविवार मी एकही पान हाताळले नाही. फक्त हेक्झेन आटवत बसले. दोन लिटर काचेच्या सीलबंद बाटलीतले, दोन लिटर नव्या उघडलेल्या कॅनमधून काचेच्या नरसाळ्याने ओतून घेतलेले आणि दोन लिटर वापरात असलेल्या कॅनमधले. पहिल्या दोन फ्लास्कांच्या तळाशी बोट फिरवले तरी काही लागले नाही. तिसऱ्यात तेलाचा थेंब होता. वजन केले, नऊ मिलिग्रॅम. टीएलसीच्या पट्टीवर त्याचा ठिपका माझ्या 'संयुगा'च्या ठिपक्याशेजारी त्याच उंचीला येऊन थांबला. वापरातल्या कॅनमध्ये एक पारदर्शक नळी कायम बुडवून ठेवलेली असे, हेक्झेन ओढून घेण्यासाठी. ती बाहेर काढली तर बुडालेला भाग वाळक्या शेंगेसारखा कडक झालेला आणि कॅनबाहेरचा भाग अजून मऊ. नळीला मऊ ठेवणारे द्रव्य हेक्झेनमध्ये उतरत होते, हेक्झेन माझ्या कॉलममधून जात होते, आणि ऊर्ध्वपातन केले असते तर जे मागे भांड्यात राहिले असते ते माझ्या फ्लास्कमध्ये साचत होते. कॅनवर कॅन संपले तरी नळी तीच होती.

पाचव्या अहवालात हे कुठे लिहायचे? 'झालेले काम' या रकान्यात न झालेले काम कसे मांडायचे? पहिल्या मसुद्यात मी त्या संयुगाचा उल्लेखच केला नाही. दुसऱ्यात 'सदर संयुगाचा अभ्यास काही तांत्रिक कारणांमुळे स्थगित केला आहे' असे लिहिले. हे वाक्य मला इतके सराईतपणे सुचले, की त्याचीच लाज वाटली. सरांनी दोन्ही फाडायला लावले. तिसऱ्यात जे झाले ते झाले तसे, ब्लँकच्या वजनांसकट आणि ऊर्ध्वपातनाची पायरी मी गाळली होती हेही नमूद करून लिहिले. सल्लागार समितीतील एक सदस्य म्हणाले, की हे आवश्यक होते का, उगाच नोंदीवर राहील. दुसऱ्या सदस्या म्हणाल्या, की राहू द्या, आणि प्रबंधातही एक परिशिष्ट द्या. परिषदेचा गोषवारा मी त्याआधीच मागे घेतला होता. नोंदणी शुल्क परत मिळाले नाही. माझ्यानंतरच्या विद्यार्थ्यांना संशोधन व प्रकाशन नीतिमत्ता हा दोन श्रेयांकांचा विषय सक्तीचा झाला. आमच्या वेळी तो नव्हता, आणि असता तर मी त्यात चांगले गुण मिळवून ती पायरी तरीही गाळली असती असे मला वाटते.

याच सुमारास प्रकाशनाची विवंचना सुरू झाली. प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध प्रकाशित आणि दोन परिषदांत सादरीकरण, अशी अट तेव्हाच्या नियमांत होती. २०२२ च्या नियमांत ती राहिली नाही. चार दिवसांत प्रकाशनाची हमी देणारे संदेश भ्रमणध्वनीवर आठवड्याला दोन-तीन तरी येत. मे २०१८ मध्ये आयोगाने आपल्या मान्य नियतकालिकांच्या यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली, तेव्हा आमच्या विभागातल्या एका सहाध्यायाचा निबंध त्यातल्याच एकात छापून आलेला होता आणि त्याने पैसेही भरले होते. मला घाई करू नका असे सर म्हणत, परंतु नोंदणीची मुदत माझी संपत होती, त्यांची नव्हे. लँटाडीनांच्या ऋतुमानावरचा माझा निबंध दोन ठिकाणांहून परत आला आणि तिसऱ्या ठिकाणी चौदा महिन्यांनी स्वीकारला गेला. चौदा महिन्यांत टाळेबंदीही येऊन गेली. मार्च २०२० मध्ये प्रयोगशाळेला कुलूप लागले, फ्रीजमधले नमुने कसे असतील या काळजीत पावसाळा गेला, आणि प्रबंधासाठी आयोगाने दिलेली मुदतवाढ लागू होते की नाही हे विचारायला मी परीक्षा विभागाला किती फोन केले याची गणती नाही.

लेखन घरीच झाले. साम्य तपासणीत पहिला आकडा चौदा टक्के आला, मर्यादा दहाची. घाबरून अहवाल उघडला तर रंगवलेली वाक्ये बहुतेक कृतीची होती: अर्क कमी दाबाखाली आटवला, ६०–१२० मेशच्या सिलिका जेलवर कॉलम लावला. हजारो प्रबंधांत हीच वाक्ये असणार, कारण कृती तीच आहे. ती उलटसुलट करून, कर्ता-कर्म फिरवून मी आकडा आठवर आणला. त्याने प्रबंध अधिक मौलिक झाला असे म्हणवत नाही, भाषा मात्र थोडी बिघडली. परिशिष्टातले, हेक्झेनच्या नळीवरचे चार पानी टिपण मात्र कशाशीच जुळले नाही.

मौखिक परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसू शकते. विभागातले एम.एस्सी.चे विद्यार्थी होते, माझ्या महाविद्यालयातून दोघे आले होते, आणि मागच्या दाराशी मामा उभे होते. बहिःस्थ परीक्षकांनी ऋतुमानाच्या आलेखांवर दोन प्रश्न विचारले, आणि मग सरळ परिशिष्ट उघडले. नऊ मिलिग्रॅम हे वजन किती वेळा घेतले, वेगळ्या कॅनसाठी पुन्हा केले का, आणि आधीच्या दीड वर्षाच्या नमुन्यांत थॅलेट नाही हे कशावरून, असे त्यांनी एकामागून एक विचारले. तिसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होते: जुन्या फ्रॅक्शनांच्या पट्ट्या मी वहीत चिकटवून ठेवल्या होत्या आणि त्या उंचीला ठिपका नव्हता. वही टेबलावर फिरली. दुसऱ्या प्रश्नाला 'नाही, केले नाही' एवढेच उत्तर होते, आणि ते मी दिले.

निकाल जाहीर होऊन पेढे वाटले गेल्यावर मामा मला पायऱ्यांवर भेटले. "मॅडम, ते साहेब त्या नळीचंच विचारत होते ना?" मी हो म्हणाले, आणि तिच्यामुळे काय काय झाले होते ते पहिल्यांदाच त्यांना नीट सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, डोके हलवले.

"मला विचारायचं होतंत," ते म्हणाले. "ती नळी दोन वर्षं झाली, वाकतच नव्हती."